एकच नाव, माणसं वेगळी: नावामुळे झालेले घोळ आणि नावामागची खरी माणसं

खडूफळा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज लिहावंसं वाटलं.

मी नववीला इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात चाचणीचे पेपर तपासत होते, प्रश्न साधा होता, पंडिता रमाबाईंच्या कार्याची माहिती लिहा, चार मार्कांना. एका मुलीने लिहिलं होतं की पंडिता रमाबाईंचं लग्न न्यायमूर्ती रानड्यांशी झालं, त्यांनी पुण्यात सेवासदन काढलं, बाबासाहेब परदेशी शिकायला गेले तेव्हा हालअपेष्टा सोसून संसार चालवला आणि शेवटी थेऊरला सती गेल्या. अक्षर मोत्यासारखं. मी लाल पेन हातात धरून बराच वेळ बसून राहिले कारण सुट्टं सुट्टं बघितलं तर तिने लिहिलेलं काहीच खोटं नव्हतं, फक्त चार बायकांची आयुष्यं एकीच्या पदरात घातली होती.

पेपर घरी आणला आणि चौघींचं नीट लिहून काढलं, इथेही देते.

सगळ्यात आधीच्या रमाबाई म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. १७७२ साली माधवराव थेऊरला गेले, त्यांच्याबरोबर सती गेल्या त्या या. मग पंडिता रमाबाई, जन्म १८५८, डोंगऱ्यांच्या. वडील अनंतशास्त्री, त्यांनी लोकांचा रोष पत्करून आधी बायकोला संस्कृत शिकवलं, पुढे मुलीलाही घरातच त्याचे धडे मिळाले. दुष्काळात आईवडील गेले, रमाबाई भावाबरोबर पायी देश हिंडल्या, १८७८ ला कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं. लग्न झालं बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावींशी, दोन वर्षांच्या आत ते गेले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन १८८२ ला त्या पुण्यात आल्या. शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणलेलं बायबल, हे सगळं यांचं. तिसऱ्या रमाबाई रानडे, पुण्याच्या सेवासदनच्या. चौथ्या रमाबाई आंबेडकर, दापोलीजवळच्या वणंदच्या, पाचातली चार लेकरं डोळ्यांदेखत गेली, स्वतः १९३५ ला राजगृहात गेल्या.

त्यातल्या पंडिता रमाबाई आणि रमाबाई रानडे एकाच वेळी पुण्यात होत्या आणि एकमेकींना ओळखत होत्या. पंडिता रमाबाईंच्या सभांना रमाबाई रानडे जायच्या आणि घरी आल्यावर वडीलधाऱ्या बायकांची बोलणी खायच्या. एका रमाबाईमुळे दुसऱ्या रमाबाईने ऐकून घेतलं, म्हणजे पोरीचा घोळ तसा समजण्यासारखा आहे.

पण लिहिताना एक गोष्ट मनाला लागली ती सांगायचीच आहे. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमू. रमाबाई आंबेडकर माहेरी रामी. म्हणजे चौघींतल्या दोघींना तरी हे नाव सासरी मिळालं. सारखेपणा जन्माचा नाहीच, तो वरून घातलाय, आणि आपण त्याच नावाने त्यांना एकमेकींत मिसळतोय.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा. इतिहासातलं, घरातलं, ऑफिसातलं, काहीही.

कागलकर

ताई, शाहूंचं पण अगदी असंच आहे बघा. बाहेरगावचे पाहुणे येतात आणि सांगतात की शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथाला पेशवा केलं. मी म्हणतो केलं की, १७१३ ला केलं, पण ते साताऱ्याचे शाहू, शिवाजी महाराजांचे नातू, संभाजीराजांचे चिरंजीव, औरंगजेबाच्या छावणीत वाढलेले आणि १७०७ ला सुटून आलेले. आमचे राजर्षी शाहू १८७४ चे. ज्यांनी २६ जुलै १९०२ ला संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्या समाजाला राखून ठेवल्या ते. मध्ये दोनशे वर्षांच्या आसपास अंतर आहे आणि गाद्या पण वेगळ्या, एक सातारची एक करवीरची.

आणि तुम्ही म्हणताय तसं इथं पण जन्माचं नाव वेगळंच. सातारच्या शाहूंचं पाळण्यातलं नाव शिवाजी. राजर्षी कागलच्या घाटग्यांचे, नाव यशवंतराव, १८८४ ला दत्तक आले आणि शाहू झाले. एक शिवाजी, एक यशवंत, आणि पुस्तकात दोघं शाहू. आमच्या आजोबांना कुणी नुसतं शाहू महाराज म्हटलं की ते थांबवायचे, कंचं शाहू ते आधी सांग म्हणायचे, मग पुढं बोलू द्यायचे.

तिसरी_घंटा

सुलोचनाबाई!

१० डिसेंबर २०२२ ला लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण गेल्या आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून श्रद्धांजल्या सुरू झाल्या, फोटो मात्र कपाळाला मोठं कुंकू लावलेल्या सिनेमातल्या आईचा, म्हणजे सुलोचना लाटकरांचा, त्या तेव्हा हयात होत्या. मी फोन करून दोघातिघांना फोटो काढायला लावला, एक काका म्हणाले अगं भावना महत्त्वाची. मला नाही पटलं. एका हयात बाईला आपण हार घालत होतो आणि जी खरोखर गेली, जिने आयुष्यभर डोक्यावरचा पदर न ढळू देता लावणी गायली, तिचा चेहराच कुणाला आठवला नाही. पुढे ४ जून २०२३ ला सुलोचनादीदी गेल्या तेव्हा उलटं झालं, त्यांच्या बातमीखाली लावण्यांच्या क्लिपा.

त्यांच्याही आधीच्या एक सुलोचना होत्या, मूकपटातल्या मोठ्या स्टार. पुण्यात जन्मलेल्या ज्यू बाई, खरं नाव रुबी मायर्स, १९७३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळालाय. आणि सुलोचना लाटकरांचं नाव तरी कुठे जन्माचं, ते भालजी पेंढारकरांनी ठेवलेलं. खडूफळाताई, तुमचा मुद्दा इथेही लागू होतो बघा, पडद्यावरच्या दोघींनाही हे नाव कामावर गेल्यावर मिळालंय.

संगीतातले तीन वसंत पण आहेत, वसंत देसाई, वसंत पवार, वसंत प्रभू. चाफा बोलेना ची चाल वसंत प्रभूंची, आणि मी ती वसंत देसाईंच्या नावावर खपवलेली कमीत कमी दहा वेळा ऐकलीय. वसंतराव देशपांडे वेगळे, ते गायक.

सिली_पॉईंट

तीन विजय राहिले. मर्चंट, हजारे, मांजरेकर. १९५१ ला दिल्लीच्या टेस्टमध्ये इंग्लंडविरुद्ध मर्चंट १५४ आणि हजारे नाबाद १६४, मर्चंटची ती शेवटची टेस्ट. त्याच सीरीजमध्ये कलकत्त्याला मांजरेकर पहिली टेस्ट खेळले. एक विजय गेला आणि दुसरा आला.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, एकोणीस वर्षं झाली. इथे सगळे मोठ्या माणसांबद्दल लिहितायत, मी वॉर्डातलं लिहिते.

आमच्याकडे एकाच नावाचे दोन पेशंट एका वॉर्डात येणं ही रोजची गोष्ट आहे. पहिलं नाव, आडनाव, कधी वय पण जवळपास. अशा वेळी दोन्ही फायलींवर मोठा स्टिकर लावायचा, सेम नेम म्हणून, पलंग शक्यतो लांब लांब द्यायचे, आणि हातातल्या पट्ट्यावरचा नंबर बघितल्याशिवाय गोळीसुद्धा द्यायची नाही. नुसत्या नावावर काही करायचंच नाही, नाव आणि त्याबरोबर नंबर किंवा जन्मतारीख, दोन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

नवीन मुली येतात त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावते. पेशंटला तुम्ही अमुकच का असं विचारायचं नाही. तुमचं पूर्ण नाव सांगा असं विचारायचं. कारण पेशंट घाबरलेला असतो, कुणाला कमी ऐकू येतं, कुणी गोळीच्या गुंगीत असतं, आणि पांढऱ्या कपड्यातल्या बाईने काहीही विचारलं की माणूस हो म्हणतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. पूर्वी एका हॉस्पिटलात होते, नाव लिहीत नाही, तिथे एका नावाच्या दोन आज्या होत्या. सकाळी सहाला रक्त घ्यायला मुलगा आला, दारातून नावाने हाक मारली, खिडकीजवळच्या आजी ओ म्हणाल्या, त्याने त्यांचं रक्त घेतलं आणि ट्यूबवर लेबल दाराजवळच्या आजींचं लावलं. दाराजवळच्या आजींना दुपारी रक्त चढवायचं होतं. पहिल्या दिवशीचा रक्तगट आणि आजचा रक्तगट जुळेना म्हणून ब्लड बँकेतून फोन आला आणि तिथे ते थांबलं. मी त्या दिवशी ड्युटीवर होते, स्टूलवर बसले ते उठताच येईना. त्या खिडकीजवळच्या आजी मला म्हणाल्या, बाळ, नाव तर माझंच घेतलं होतं ना त्यानं.

खडूफळा

@रात्रपाळी, ताई, अंगावर काटा आला वाचताना. तुमचं ते वाक्य, पूर्ण नाव सांगा असं विचारायचं, मी वर्गात सांगणार आहे.

गट_नंबर

आमच्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. आज्याला चार पोरं, चौघांनी आपापल्या थोरल्या पोराला आज्याचं नाव दिलं, झाले चार जण एका नावाचे, आडनाव एक, गाव एक, फरक फक्त बापाच्या नावाचा. घरात काय अडचण नाही, एक तात्या, एक बापू, एक फौजी आणि मी धाकला. गावात पोस्टमनला पण माहीत, पत्र बघितल्याबरोबर फौजीचं का धाकल्याचं ते सांगायचा.

अडचण झाली कागदावर. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर तलाठ्यानं जागा वाचवायला बापाचं नुसतं पहिलं अक्षर लिहिलेलं, आमच्यातल्या दोघांच्या बापांची पहिली अक्षरं पण एक. कॉम्प्युटरवर घेताना दोघं एकच माणूस समजून माझं नाव दोन गटांवर लागलं आणि चुलतभावाचं उडालं. अतिवृष्टीचं अनुदान माझ्या खात्यावर आलं त्याच्या वावराचं. मी त्याच दिवशी काढून त्याच्या हातात दिलं, पण पुढं दुरुस्तीला अर्ज, जुने फेरफार काढणं, दोघांनी मिळून जबाब देणं, असे दीड वर्ष हेलपाटे झाले. आमचं पटतं म्हणून निभावलं. ज्यांच्यात भावबंदकी आहे त्यांच्यात या एवढ्या गोष्टीवरून कोर्टात पिढी जाते.

माझं सांगणं एवढंच की सातबारा, आठ अ, फेरफार, काढून बघा वर्षातनं एकदा आणि बापाचं नाव पूर्ण आहे का ते बघा.

टाळ_मृदंग

या विषयावर वारकरी मंडळींनी बोललंच पाहिजे. नामदेव महाराजांचा काळ १२७० ते १३५०. त्यांच्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, नाथ महाराजांच्या काळात, विष्णुदास नामा म्हणून एक कवी झाले. आता अभंगाच्या शेवटी नामा म्हणे आलं की लिहून घेणाऱ्याने काय समजायचं? वह्या हाताने उतरवल्या जायच्या, पाठांतराने अभंग पुढे जायचे, त्यामुळे विष्णुदास नाम्याची रचना नामदेव गाथेत शिरली आणि ती वेगळी काढायला अभ्यासकांना फार कष्ट पडले. भाषा बघायची, एखादा प्रसंग नामदेवांच्या नंतरचा आहे का ते बघायचं, असं करत करत.

मला विचाराल तर यात विष्णुदास नाम्यावर अन्याय जास्त झाला. मोठ्या नामदेवांची कीर्ती शाबूत राहिली, पण हा माणूस, ज्याने महाभारतावर एवढी ओवीरचना केली, त्याचं नाव कीर्तनात घेतलं तर समोरचे श्रोते म्हणतात म्हणजे आपले नामदेवच ना. मी आता अभंग घेताना आधी सांगतो, हा विष्णुदास नाम्याचा. पाच सेकंद लागतात.

पानगळ

मस्त धागा. अजून एक जोडी, ह. ना. आपटे आणि ना. ह. आपटे, बापलेक दोघंही कादंबरीकार.

जुनी_पुस्तकं

@पानगळ, थांबा थांबा, बापलेक नाहीत ते. हा गैरसमज इतका पसरलाय की मी दुकानात आठवड्याला एकदा तरी दुरुस्त करतो. (जुन्या पुस्तकांचं दुकान आहे माझं.) हरि नारायण आपटे १८६४ चे, जन्म खानदेशात पारोळ्याला. नारायण हरी आपटे १८८९ चे, सांगलीजवळच्या समडोळीचे. आडनाव एक आणि नावं उलटसुलट म्हणून मुलगा वाटतो, कारण आपल्याकडे मुलाच्या नावामागे बापाचं नाव येतंच. हरीचा मुलगा नारायण, नारायणाचा मुलगा हरी, असं पिढ्यान्पिढ्या फिरत राहतं. शांतारामबापूंचा १९३७ चा कुंकू सिनेमा ज्या कादंबरीवरून निघाला ती ना. हं.ची. ती ह. नां.च्या नावावर सांगणारे भेटतात, ह. ना. तर १९१९ ला गेले होते.

अद्याक्षरांनी आपल्या साहित्यात फार गोंधळ केलाय. पूर्ण नाव लिहायची सवयच नाही आपल्याला. गिऱ्हाईक म्हणतं आपट्यांची कादंबरी द्या, मी विचारतो कुठले आपटे, तर म्हणतात ते जुने. दोघंही जुनेच.

पानगळ

धन्यवाद काका. शाळेपासून बापलेकच समजत होतो, आज कळलं.

राजिवडा

आमच्या रत्नागिरीचं एक. बाळ गंगाधर म्हटलं की सगळे पुढे टिळकच म्हणतात. पण बाळ गंगाधर खेर पण होते, आणि दोघांचा जन्म रत्नागिरीतलाच, टिळक १८५६, खेर १८८८. खेर १९३७ ला मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही पंतप्रधानच म्हणत, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ पर्यंत मुख्यमंत्री होते. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव हे बहुतेकांना माहीत असेल. टिळकांचं जन्मघर बघायला बसेस भरून लोक येतात. खेर इथले हे गावातल्या पोरांना सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

मतमोजणी

निवडणुकीचं कुणी काढलं नाही अजून? २०१४ ला रायगड लोकसभेला सुनील तटकरे २११० मतांनी पडले. त्याच मतदारसंघात त्याच नावा-आडनावाचे एक अपक्ष उभे होते, त्यांना ९८४९ मतं पडली. आता यातली किती मतं चुकून गेली ते कुणी सांगू शकत नाही पण आकडे समोर आहेत. त्याच वर्षी छत्तीसगडच्या महासमुंदला तर चंदूलाल साहू नावाचे उमेदवार रांगेने उभे होते. आधी केरळात अलप्पुळाला २००४ ला सुधीरन म्हणून काँग्रेसचे नेते हजारभर मतांनी पडले, तिथेही दुसरे सुधीरन होतेच आणि त्यांनी आठ हजारांवर मतं घेतली.

२०१५ पासून मशीनवर उमेदवाराचा फोटो येतो तो याच कारणाने. आणि नियमात पूर्वीपासून आहे की दोन उमेदवारांचं नाव एक असेल तर धंदा किंवा गाव लावून वेगळं दाखवायचं. माझं मत, मुद्दाम शोधून आणलेले उमेदवार असतील तर त्यांच्यावर बंदीच पाहिजे. हा मतदाराला फसवायचा प्रकार आहे.

गट_नंबर

@मतमोजणी, मुद्दाम उभं केलं तर वाईटच, पण ठरवणार कसं? माझ्या नावाचा उद्या कुणी आमदार झाला तर मी काय सरपंचकीला सोडून कशालाच उभं राहायचं नाही का? नाव माझ्या आज्याचं आहे, त्या आमदाराच्या आधीपासनं.

मतमोजणी

मान्य. सुप्रीम कोर्टानेही २०२४ च्या मे महिन्यात साधारण तेच म्हटलं, आईबापांनी सारखं नाव ठेवलं म्हणून कुणाचा उभं राहायचा हक्क जातो का, आणि याचिका ऐकून घेतली नाही. तरी मला वाटतं फोटो अजून मोठा आणि स्पष्ट पाहिजे. आमच्या आजीला मशीनवरचा फोटो दिसत नाही, तिला दोन गोल चेहरे दिसतात. चिन्हावर भिस्त.

माहेरवाशीण

बराच वेळ लिहू की नको करत होते. खडूफळाताईंचं ते यमू आणि रामीचं वाचलं आणि राहवेना.

माझं लग्न झालं १९९४ ला. माझ्या मोठ्या जावेचं आणि माझं नाव एकच होतं. लग्न ठरतानाच सासूबाई म्हणाल्या, एका घरात एका नावाच्या दोन सुना नकोत, हाक कुणाला मारली ते कळायचं नाही. तेव्हा कुणाला यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरले आणि यांनी अंगठीने त्यात नवीन नाव लिहिलं. मी वाकून बघत होते. नावातलं शेवटचं अक्षर नीट उमटलं नाही म्हणून यांनी ते पुन्हा गिरवलं, तोवर पहिलं अक्षर तांदूळ घसरून अर्धं बुजलं होतं. सगळ्या बायका वाचा वाचा म्हणाल्या आणि मला माझंच नाव लागलं नाही पटकन.

घरात चाललं. पण दहावीचं, डीएडचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाने, रेशनकार्ड सासरच्या, बँकेत तिसरंच, कारण मॅनेजरने दोन्ही एकत्र केलं. नोकरीला लागताना प्रतिज्ञापत्र केलं की या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आणि ती मी. राजपत्रात छापून आणलं. पेन्शनच्या वेळी परत तेच सगळं. एका नावाच्या दोन बायका नकोत म्हणून सुरू झालं आणि कागदावर मी एकटीच दोन बायका झाले.

माझ्या जाऊबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याजवळ होते, एकदा रात्री त्या म्हणाल्या, तुझं नाव माझ्यापायी गेलं गं. मी म्हटलं वहिनी असं काय बोलता. त्यांनी मला त्या रात्री माझ्या माहेरच्या नावाने हाक मारली, म्हणजे त्यांच्याच नावाने. सासरच्या घरात तीस वर्षांत तेवढी एकदाच.

तिसरी_घंटा

माहेरवाशीणताई, डोळे भरून आले. लिहिलंत ते फार बरं केलंत.

रात्रपाळी

ताई, नमस्कार तुम्हाला आणि तुमच्या जाऊबाईंनाही.

कागलकर

माझ्या आईचं माहेरचं नाव काय ते मला आज सकाळपर्यंत माहीत नव्हतं. हे वाचून फोन केला आणि विचारलं. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग सांगितलं. इथं लिहीत नाही, तिचं तिच्यापाशी राहू दे.

म्हापशेकर

आमच्या गोंयात ख्रिस्तांव वाड्यावर फर्नांडिस, डिसोझा ही आडनावं एवढी की जुझे फर्नांडिस विचारत गेलात तर सगळे हात वर करतील. म्हणून प्रत्येक घराला टोपणनाव असतं, पणजोबाच्या धंद्यावरून किंवा घरापुढच्या झाडावरून पडलेलं, आणि घर त्यानेच सापडतं. बाहेर राहणाऱ्या मुलांना ही नावं माहीत नाहीत. मी आमच्या वाड्यावरची वहीत उतरवून ठेवली, म्हाताऱ्या शेजारणीने सांगितली तशी.

शिकागोतून

पासपोर्टमुळे इथे माझ्या नावात वडिलांचं नाव पहिल्या नावालाच चिकटलंय. सुरुवातीला कंटाळा यायचा. मग कळलं की माझ्या नावा-आडनावाचा अजून एक मराठी माणूस इथे जवळच राहतो, आणि दवाखाना, बँक, लायब्ररी सगळीकडे आमच्यातला फरक फक्त बाबांच्या नावाने कळतो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. रिसेप्शनवरची मुलगी त्यांचं नाव तोडकंमोडकं उच्चारते आणि मी उठून उभा राहतो.

महाराष्ट्रात आता आईचं नावही आलं ना? १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. गट_नंबर दादांच्या नातवंडांना तो सातबाऱ्याचा त्रास तरी कमी व्हावा.

जुनी_पुस्तकं

खडूफळाताई, तुमच्यासाठी एक जोडी राखून ठेवली होती, दुकान बंद करून आता लिहितोय.

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई आणि रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक. एक १८५८ ला लढता लढता गेली, दुसरी त्यानंतर दहा वर्षांनी, १८६८ ला नाशिकजवळ जलालपूरला जन्मली. दोघी लक्ष्मीबाई, हे सगळ्यांना ठाऊक. पण राणी माहेरची तांब्यांची मनकर्णिका. आणि लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या गोखल्यांची मनकर्णिका. दोघींनाही लहानपणी मनूच म्हणत. दोघींनाही लग्नात लक्ष्मी केलं. नाव दोनदा जुळलं, एकदा आईबापांकडून आणि एकदा सासरहून, आणि आयुष्यं बघा कुठल्या कुठे, एक किल्ल्यावर, दुसरी कीर्तनकार कवीच्या अठराविश्वे दारिद्र्याच्या संसारात. चाळीस वर्षं पुस्तकांत घालवली पण ही गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली तेव्हा मी दुकानात उभ्याउभ्या दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडून पुन्हा वाचून बघितली.

खडूफळा

काका, मनकर्णिकांचं वाचून मी आईला उठवून सांगितलं.

काय केलं ते सांगते. त्या मुलीला शून्य दिलं नाही, पेपर परत दिला आणि म्हटलं यात तू चार बायकांबद्दल खरं लिहिलंयस, आता चौघींना वेगवेगळ्या कागदावर बसव. ती दोन दिवसांनी चार कार्डशीट घेऊन आली. प्रत्येकीचं माहेरचं, सासरचं, गाव, साल, आणि खाली तिने काय केलं. मग बाकीच्या मुलांनी पण आणायला सुरुवात केली. कागलकर दादांचे दोन शाहू आले, काकांचे दोन आपटे आले, विष्णुदास नामा एका मुलाने आणला, त्याचे आजोबा माळकरी आहेत. मागची भिंत अर्धी भरली.

काल दोन मनकर्णिका लावायला सांगितल्या. लावून झाल्यावर त्याच मुलीने विचारलं, बाई, आमच्या घरातल्या पण लावल्या तर चालतील का. आज तिने आणलेलं कार्ड फळ्याशेजारी आहे. वर तिच्या आजीचं सासरचं नाव, त्याखाली कंसात माहेरचं, आणि पुढे पेन्सिलने लिहिलंय, हे नाव आजीने स्वतः सांगितले. उद्यापर्यंत अजून सात-आठ जणी आणणार आहेत, भिंतीवर जागा करायला मला जुना नकाशा काढावा लागेल.